सेन्सर बदलण्याआधी वायर बघा : बंदीच्या दिवसांत जुन्या गाडीची तपासणी



१ जून ते ३१ जुलै आपली मासेमारी बंदी. ट्रॉलर किनाऱ्याला लागतात, जाळी शिवायला निघतात, इंजिनं खोलली जातात. पण मासळी वाहणारी जुनी व्हॅन, पिकअप किंवा घरची छोटी गाडी मात्र माडाखाली नाहीतर शेडच्या कडेला तशीच उभी राहते. तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. मग ऑगस्ट उजाडतो, पहिली मासळी जेटीवर येते आणि त्याच पहाटे गाडी सेल्फ मारून मारून चालू होत नाही. नाहीतर चालू होते, पण मीटरमध्ये पिवळा दिवा लागलेला, गाडी धक्के देते, पिकअप नाही. मालिम असो, वास्को असो, कुटबण असो की शापोरा, ही तक्रार दरवर्षी कुठे ना कुठे ऐकू येतेच.

बर्फ वितळायचा थांबत नाही आणि लिलावाची वेळ आपल्यासाठी पुढे जात नाही. अशा घाईत गॅरेजवाला म्हणतो, "दादा, सेन्सर गेला, बदलायला लागेल." आपण बदलतो. दोन दिवसांनी दिवा परत लागतो. मग दुसरा सेन्सर. पुष्कळदा सेन्सर चांगलाच असतो. खराब असते ती त्याच्यापर्यंत जाणारी वायर, नाहीतर वायरच्या टोकाचा कपलर. समुद्राकाठच्या जुन्या गाडीत तर पहिला संशय वायरवरच घ्यावा. सेन्सरला हजारो रुपये लागतात, वीतभर वायरीला काही रुपये. म्हणून हा लेख बंदीच्या दिवसांत, हातात वेळ असताना वाचा.

सेन्सर म्हणजे काय आणि तो करतो काय

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कार्बोरेटर ठरवायचा. साधारण २००० सालापासून आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन आलं, म्हणजे आपण ज्याला एमपीएफआय म्हणतो ते. त्यात हे काम एक छोटा संगणक करतो. त्याला ईसीयू म्हणतात. पण त्या ईसीयूला डोळे नाहीत. इंजिन गरम आहे की थंड, हवा किती आत जाते, एक्सिलरेटर किती दाबला, इंजिन फिरतंय का, हे सगळं त्याला सेन्सर सांगतात. आणि सांगतात ते वायरीतून, अगदी कमी व्होल्टवर. बहुतेक सेन्सर ५ व्होल्टवर चालतात आणि त्यांचा निरोप ० ते ५ व्होल्टच्या मधला असतो.

हेडलाइटच्या वायरीत अर्धा व्होल्ट कमी पडला तर उजेड थोडा कमी होतो, गाडी चालते. सेन्सरच्या वायरीत अर्धा व्होल्ट इकडचा तिकडे झाला तर ईसीयूला वाटतं इंजिन थंडगार आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. म्हणजे थोडासा गंज, एक सैल पिन, मिठाच्या पाण्याचा एक थेंब इथे पुरतो.

आपल्या गाड्यांच्या वायरी जास्त का खराब होतात

१) उंदीर. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. त्यात आपल्या गाडीला मासळीचा वास. पावसात बोनेटखाली कोरडी, उबदार जागा मिळाली की तो मुक्काम करतो. ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून कोणी बघत नाही, त्यामुळे तिथे घरटं झालं तरी महिनाभर पत्ता लागत नाही.

२) मीठ. पाट्यांतून गळणारं पाणी, वितळलेला बर्फ, खारा वारा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून कपलरमध्ये एकदा खारं पाणी गेलं की ते वरवर वाळतं, पण दमट हवेत परत ओलं होतं. पहाटे गाडी त्रास देते आणि दुपारी उन्हात बरी चालते, याचं हे एक मोठं कारण. शिवाय होडीच्या तळाला जस्ताचे तुकडे का लावतो हे आपल्याला माहीत आहे: खाऱ्या पाण्यात विजेमुळे धातू झिजतो. कपलरमध्येही तेच होतं. ज्या पिनला सतत ५ किंवा १२ व्होल्ट येतात ती पिन सगळ्यात आधी खाल्ली जाते.

३) जुनी जोडकामं. कधीतरी घाईत वायर पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक सुटतो, आत पाणी शिरतं. वायर बाहेरून चांगली दिसते, पण आतलं तांबं काळं पडलेलं असतं.

लक्षणांवरून काय ओळखायचं

- सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन अजिबात पकडत नाही: क्रँक सेन्सर किंवा कॅम सेन्सरची वायर बघा. इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळलंच नाही तर तो स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही.
- गरम झाल्यावर किंवा खड्ड्यात आदळल्यावर एकदम बंद पडते, थोड्या वेळाने चालू होते: तीच वायर कुठेतरी अर्धवट तुटलेली असू शकते.
- थंड असताना चालू व्हायला त्रास, काळा धूर, पेट्रोल जास्त खाते, रेडिएटरचा पंखा उगाच फिरतो: कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरची वायर.
- आयडलिंग वरखाली, पिकअप नाही: मॅप सेन्सर किंवा थ्रॉटल सेन्सर.
- एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले: चार सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. अर्थिंग गेलं असेल, नाहीतर सगळ्यांना मिळून येणारी ५ व्होल्टची लाइन कुठेतरी शॉर्ट झाली असेल.

एक गोष्ट लक्षात असू द्या. डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा बरोबर दिसतोय म्हणून टेंपरेचर सेन्सर ठीक, असं समजू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो.

हात लावण्याआधी

हातमोजे घाला. आपल्या हातांना काट्यांच्या, दोरीच्या, बर्फाच्या जखमा असतातच. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो आणि तो जखमेतून शरीरात शिरतो. बोनेटखाली लेंड्या किंवा घरटं दिसलं तर सुकं झाडू नका, हवा मारू नका. ब्लिचिंगचं पाणी शिंपडून थोडं थांबा, मग फडक्याने पुसून काढा आणि ते फडकं फेकून द्या. नंतर साबणाने हात धुवा. अशा कामानंतर एक-दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "उंदराची घाण साफ केली होती" हे आवर्जून सांगा. लेप्टोवर लवकर औषध सुरू झालं तर माणूस बरा होतो, अंगावर काढला तर जीवावर बेततं.

इंजिन थंड असू द्या. कपलर काढण्याआधी चावी बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. पण स्कॅनर लावायचा असेल तर कोड आधी वाचून लिहून घ्या, कारण बऱ्याच गाड्यांत बॅटरी सोडली की कोड पुसले जातात.

पिवळ्या कपलरना हात लावू नका. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे पिवळा कपलर सहसा एअरबॅगचा असतो.

डिझेल कॉमन रेलची पिकअप असेल तर वायर बघा, पण इंजेक्टरचे लोखंडी पाइप सैल करू नका. त्यात डिझेल १००० बारच्या वर दाबाने असू शकतं. ती धार कातडीतून आत घुसते.

१२ व्होल्टचा बल्ब लावलेली टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरीला लावू नका. बल्ब जास्त करंट ओढतो आणि ईसीयू जळू शकतो. ईसीयू गेला तर जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने तो फार महाग पडतो. डिजिटल मल्टिमीटर वापरा. काही शे रुपयांत मिळतो आणि होडीवरही कामाला येतो.

तपासणीचा क्रम

क्रम सोडू नका. सोप्यापासून अवघडाकडे जायचं.

पहिलं, बॅटरी. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट असतात. सेल्फ मारताना १० च्या फार खाली जाता कामा नयेत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास पाहिजेत. बॅटरीच कमजोर असेल तर ईसीयू काहीही खोटे कोड दाखवतो. त्यामागे धावू नका.

दुसरं, अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाड वायर जाते. तिचे लग गंजलेले असतील तर सगळंच बिघडतं. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. आता कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर छान. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर लग खोला, पॉलिश पेपरने घासा, बॉडीवरची रंग-गंजाची जागा चमकेपर्यंत साफ करा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. निम्मे रोग इथेच बरे होतात असं जाणते इलेक्ट्रिशियन सांगतात.

तिसरं, फ्यूज. फ्यूज नुसता बघून सोडू नका, काढून पाय बघा. पायांवर हिरवा गंज असेल तर बदला.

चौथं, कोड. भारतात एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ बंधनकारक झालं. त्यानंतरच्या गाडीला साधा स्कॅनर बहुधा चालतो. त्याआधीच्या गाडीला चालेलच असं नाही, तिथे कंपनीच्या पद्धतीने कोड वाचणारा इलेक्ट्रिशियन लागतो. कोड मिळाला तरी तो नीट वाचा. पी ०११८ म्हणजे "टेंपरेचर सेन्सर खराब" नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की त्या लाइनवर व्होल्ट गरजेपेक्षा जास्त येतात, म्हणजे बहुधा लाइन कुठेतरी तुटली आहे. पी ०११७ म्हणजे व्होल्ट कमी येतात, म्हणजे बहुधा वायर कुठेतरी बॉडीला लागून शॉर्ट झाली आहे. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या लाइनचा. कोड गल्ली दाखवतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं.

पाचवं, डोळे आणि हात. टॉर्च घ्या. सेन्सरपासून सुरू करून वायर जिथवर जाते तिथवर बोटांनी चाचपत जा. कुरतडलेली जागा, वितळलेलं कव्हर, ब्रॅकेटवर घासलेली जागा, सायलेन्सरला टेकलेला गठ्ठा, जुनी टेप. वायर एखाद्या ठिकाणी जास्तच मऊ लागली तर आतलं तांबं तुटलेलं असू शकतं. कपलर काढून पिना बघा: हिरवट, पांढरट पूड आहे का, पिन वाकली आहे का, मागे सरकली आहे का, रबराचं सील जागेवर आहे का.

सहावं, हलवून बघणं. इंजिन आयडलवर ठेवा आणि वायरीचा गठ्ठा थोडा थोडा करून हलवा. पंखा आणि बेल्टपासून हात, लुंगी, ओढणी लांब ठेवा. एखाद्या ठिकाणी हलवल्याबरोबर इंजिन अडखळलं की जागा सापडली.

एक उदाहरण : टेंपरेचर सेन्सर

या सेन्सरला दोन वायरी असतात. आत एक असा तुकडा असतो ज्याचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर कमी होतो. पुष्कळ गाड्यांत २० अंशांना तो २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो.

बॅटरीची निगेटिव्ह परत जोडा. कपलर काढा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून गाडीकडच्या कपलरच्या दोन पिनांत मोजा. ५ व्होल्टच्या जवळपास दिसलं पाहिजे. दिसलं, तर दोन्ही वायरी शाबूत आहेत. शून्य दिसलं, तर एक वायर तुटलेली आहे किंवा शॉर्ट आहे. आता एक पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत मोजा, मग दुसरी पिन आणि निगेटिव्ह यांत. एका पिनवर ५ व्होल्ट आले म्हणजे सिग्नलची वायर बरी, अर्थची वायर तुटलेली. कुठल्याच पिनवर आले नाहीत तर सिग्नलची वायर तुटली आहे किंवा बॉडीला लागली आहे.

स्कॅनर असेल तर आणखी सोपं. कपलर काढल्यावर स्कॅनरवर तापमान उणे ४० च्या आसपास गेलं पाहिजे. मग गाडीकडच्या कपलरच्या दोन्ही पिना छोट्या वायरीने एकमेकींना जोडा. तापमान एकदम शंभराच्या बरंच वर गेलं पाहिजे. दोन्ही झालं तर वायर आणि ईसीयू ठीक आहेत, सेन्सर बदला. झालं नाही तर सेन्सर बदलून काही उपयोग नाही. काही गाड्यांत बिघाड दिसताच ईसीयू स्वतःचा ठरलेला आकडा धरतो, म्हणून आकड्यासोबत कोड बदलतो का तेही बघा. आणि पिना एकमेकींना जोडायची ही युक्ती फक्त दोन वायरींच्या टेंपरेचर सेन्सरसाठी आहे. दुसऱ्या सेन्सरवर करू नका.

तीन वायरींचे सेन्सर

मॅप आणि थ्रॉटल सेन्सरला सहसा तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. कपलर काढून, चावी ऑन करून, आधी ५ व्होल्ट आणि अर्थ आहेत का बघा. ते असतील तर कपलर परत लावा आणि मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून सिग्नल मोजा. वायरीचं कव्हर टोचू नका. टोचलेल्या भोकातून खारी हवा आत जाते आणि सहा महिन्यांनी तिथेच वायर कुजते.

थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल एक्सिलरेटर सोडलेला असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर ४ व्होल्टच्या वर जातो. मध्ये कुठे उडी मारता कामा नये. मॅप सेन्सरचा सिग्नल आपल्याकडे समुद्रसपाटीला, चावी ऑन आणि इंजिन बंद असताना, ४ व्होल्टच्या जवळपास असतो. इंजिन आयडलवर आलं की तो १ ते दीड व्होल्टवर उतरतो. थोडाफार फरक गाडीप्रमाणे असतो.

५ व्होल्ट कुठल्याच सेन्सरला मिळत नसतील तर मीटर लावून ठेवा आणि बाकीच्या सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर सगळ्यांना खाली ओढत होता. सगळे काढूनही येत नसतील तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे, नाहीतर ईसीयूकडूनच येत नाहीत. इथून पुढचं काम जाणत्या माणसाचं.

कपलर धुणं

पुष्कळ जण कपलरमध्ये स्प्रे मारतात आणि झालं म्हणतात. पण मीठ स्प्रेमध्ये विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह सोडून आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने कपलर धुवा, मऊ ब्रश फिरवा, पूर्ण वाळवा. मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. हिरवा गंज जाऊन पिन अर्धी उरली असेल तर पिन किंवा कपलर बदलावाच लागेल. बसवताना रबराच्या सीलला थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. ज्या सिलिकॉन पेस्टला विनेगरसारखा वास येतो ती कपलरमध्ये किंवा जोडावर भरू नका, तिच्यातल्या ॲसिडने तांबं कुजतं.

वायर जोडायची कशी

१) कुरतडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना वायर कापत जा, जोपर्यंत तांबं लालसर चमकदार दिसत नाही तोपर्यंत. काळ्या तांब्यावर जोड टिकत नाही.

२) त्याच जाडीची वायर घ्या. होडीच्या वायरिंगसाठी आणलेली कल्हई केलेली म्हणजे टिनची वायर उरली असेल तर तीच वापरा, खाऱ्या हवेत साध्या तांब्यापेक्षा जास्त टिकते.

३) जोड चांगल्या क्रिंपने दाबा, किंवा सोल्डर करा. सोल्डर केलेली वायर तिथे कडक होते आणि हादऱ्याने कडेला तुटते, म्हणून तिला जवळच आधार देऊन बांधा. जोडण्याआधी आत डिंक असलेली हीट श्रिंक नळी सरकवायला विसरू नका. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून थोडा डिंक बाहेर आला की पाणी आत जाणार नाही. नुसती काळी टेप पुरत नाही.

४) तीन-चार वायरी तुटल्या असतील तर सगळे जोड एकाच जागी घेऊ नका, मागेपुढे करा. रंग जुळवा, आणि कापायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा.

५) क्रँक सेन्सरच्या वायरीला काही गाड्यांत बाहेरून जाळीचं कवच असतं, काहींत दोन वायरी एकमेकींवर पिळलेल्या असतात. ते तसंच ठेवा. जाळी नव्याने बॉडीला जोडू नका, ती एकाच टोकाला अर्थ असते. ही वायर प्लगच्या केबलपासून लांब ठेवा, नाहीतर स्पार्कचा गोंधळ सिग्नलमध्ये घुसतो.

६) सायलेन्सरवरच्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला सोल्डर आणि ग्रीस लावू नका. त्यातले बरेच सेन्सर वायरीच्या आतून बाहेरची हवा घेतात. ती वाट बुजली की सेन्सर चुकीचं सांगतो.

काम झाल्यावर कोड पुसा आणि गाडी अर्धा तास चालवा, चढावर, खड्ड्यातून. कोड परत वाचा. नुसतं जागेवर चालू करून "झालं" म्हणू नका.

आणखी एक. मल्टिमीटरचा "बीप" आला म्हणजे वायर चांगली, असं नाही. एकच तार उरली असली तरी बीप येतो. होडीचा दोर एका पेडावर लटकत असेल तर आपण त्याला चांगला म्हणत नाही, तसंच हे.

गॅरेजमध्ये काय विचारायचं

सगळ्यांनी हे स्वतः करावं असं नाही. पण गाडी देताना एवढं विचारा: कोड कुठला आला? कपलरवर ५ व्होल्ट आणि अर्थ मोजले का? वायर तपासली का? काढलेला सेन्सर परत द्या. जो कारागीर चांगला आहे तो या प्रश्नांनी रागावत नाही. घरातल्या बायकांनी, मुलांनीही हे प्रश्न लिहून ठेवावेत, कारण गाडी गॅरेजला नेणारा माणूस पुष्कळदा समुद्रावर असतो.

बंदीत गाडी उभी ठेवताना

- पाट्या, फडकी, बर्फाची पोती गाडीत ठेवू नका. आतून-खालून गोड्या पाण्याने धुवा. प्रेशरची धार मात्र इंजिनवर आणि कपलरवर मारू नका.
- दर तीन-चार दिवसांनी बोनेट किंवा सीट उघडून बघा. लेंडी दिसली की त्याच दिवशी पिंजरा लावा. विषाने उंदीर कुठेतरी आडोशाला मरतो, आणि घरात मांजर, कुत्रा, पोरं असतात.
- उघड्या वायरींवर चिरलेला प्लास्टिकचा नालीदार पाइप चढवा.
- आठवड्यातून एकदा इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवा, तेही उघड्या जागेत. जमत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह सोडून ठेवा.
- पिकअपच्या हौदाला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडा, जमल्यास ईसीयूचा कपलरही काढा.

आता होड्यांवरही नव्या इंजिनांना असेच सेन्सर येतात. नियम तेच: आधी बॅटरी, मग अर्थ, मग कपलर, मग वायर, आणि शेवटी सेन्सर. फरक एवढाच की गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते, होडी बंद पडली तर वाऱ्याबरोबर वाहते. म्हणून जो हात गाडीवर शिकेल तो समुद्रातही उपयोगी पडेल.

पोस्ट आपल्या ग्रुपवर पाठवा. कोणाला काही विचारायचं असेल तर खाली लिहा, किंवा कार्यालयात या. येताना गाडीचं मॉडेल, साल आणि आलेला कोड लिहून आणा, म्हणजे बोलणं सोपं होईल.

आपला,
सचिव